आमिश समाजात कोणते यंत्र चालते आणि कोणते चालत नाही, हे कोण ठरवते?

रानवाटा

नमस्कार. जून महिन्यात फिलाडेल्फियाला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर काउंटीत दोन दिवस राहण्याचा योग आला. आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक मोटार बाळगत नाहीत, वीज घेत नाहीत, साधे गडद कपडे घालतात आणि घोड्याच्या बग्गीतून फिरतात, एवढीच माहिती मी घेऊन गेलो होतो. प्रत्यक्षात जे दिसले त्याचा मेळ मला अजून लागलेला नाही, म्हणून येथे विचारत आहे.

एका शेतात सहा खेचरे जुंपलेली होती आणि ती जे अवजार ओढत होती त्यावर इंजिन धडधडत होते. वाळलेल्या गवताचे गठ्ठे बांधण्याचे काम इंजिन करत होते. खेचरांकडे ते अवजार पुढे ओढण्याचे तेवढेच काम होते. बग्गीला घोडा होता, पण मागे लाल दिवे होते आणि वळताना लुकलुकणारे दिवेही होते. ज्या घरी आम्ही भाजी आणि लोणची घेतली त्या घरापर्यंत विजेची तार आलेली नव्हती, तरी आत फ्रिज होता. शेताच्या बांधावर शौचालयाएवढे एक लाकडी खोपटे होते आणि त्यात टेलिफोन होता. आम्हाला फिरवणाऱ्या वाटाड्याला विचारले तर त्याने "त्यांच्या धर्मात वीज निषिद्ध आहे" एवढे सांगून विषय संपवला. वीज निषिद्ध असेल तर बॅटरी कशी चालते, आणि इंजिन चालत असेल तर ट्रॅक्टर का चालत नाही?

हे नियम कोठे लिहिलेले आहेत, ते कोण करते आणि त्यामागे काही सूत्र आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. त्या लोकांची चेष्टा करण्याचा हेतू अजिबात नाही. आमच्या घरात दोन वाढत्या वयाची मुले आहेत आणि मोबाइल किती, केव्हा आणि कोणाच्या हाती, यावर आमचा रोज वाद होतो. चार माणसांच्या घरात जे ठरवता येत नाही ते एक संपूर्ण समाज शंभर वर्षे कसे ठरवत आला, हा माझा खरा प्रश्न आहे.

सस्क्वेहानाकाठ

मी गेली एकवीस वर्षे लँकेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि दूध, भाजी, लाकूडकाम अशा निमित्ताने आमिश कुटुंबांशी माझा नियमित संबंध येतो. त्यांच्या मते मी 'इंग्लिश' आहे, कारण आमिश नसलेल्या प्रत्येकाला ते इंग्लिशच म्हणतात, मग तो सातारचा का असेना. त्यामुळे मी जे लिहितो ते बाहेरून पाहिलेले आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

"धर्मात वीज निषिद्ध आहे" हे त्या वाटाड्याचे उत्तर चुकीचे आहे. बायबलमध्ये विजेबद्दल काही सांगितलेले नाही आणि आमिश लोकही तसे म्हणत नाहीत. यंत्र पापी असते असे त्यांचे मत नाही. एखादी वस्तू घरात आली की कुटुंबाचे, शेजाराचे आणि मंडळीचे, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या कुटुंबांच्या गटाचे, काय होईल, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक ठिकाणची मंडळी आपापले देते. म्हणून एका गावात चालणारी गोष्ट दहा मैलांवर चालत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. युरोपात १५२५ साली झुरिकमध्ये काही लोकांनी लहान बाळाचा बाप्तिस्मा नाकारला आणि माणसाने जाणत्या वयात, स्वतः समजून बाप्तिस्मा घ्यावा असा आग्रह धरला. त्यांचा भयंकर छळ झाला. कित्येकांना बुडवून किंवा जाळून मारण्यात आले. या परंपरेतील याकोब आमान याने १६९३ मध्ये शिस्त अधिक कडक असावी या मुद्द्यावर स्वतःचा गट वेगळा केला आणि त्याच्या नावावरून आमिश हे नाव पडले. अठराव्या शतकात हे लोक पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपात आज एकही आमिश मंडळी उरलेली नाही. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र त्यांची संख्या आता चार लाखांच्या घरात आहे आणि साधारण वीस वर्षांत ती दुप्पट होते.

नियमांच्या संचाला ते 'ऑर्डनुंग' म्हणतात. तो बहुतेक ठिकाणी लिहिलेला नसतो, लहानपणापासून पाहून अंगवळणी पडलेला असतो. साधारण पंचवीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी असते. चर्चची इमारत नसते. एक आड एक रविवारी पाळीपाळीने कोणाच्या तरी घरी किंवा कोठारात उपासना होते आणि बाके गाडीतून त्या घरी नेली जातात. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रभुभोजनाचा विधी होतो. त्याआधी एक सभा भरते आणि तीत ऑर्डनुंग पुन्हा उजळला जातो. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येक सभासदाला, स्त्री असो वा पुरुष, मी याच्याशी सहमत आहे असे सांगावे लागते. मतभेद फार तीव्र असतील तर विधीच पुढे ढकलला जातो. बिशप म्हणजे मंडळीचा प्रमुख, दोन उपदेशक आणि त्यांना मदत करणारा एक डीकन ही माणसे त्याच मंडळीतून निवडली जातात. सभासदांनी सुचवलेल्या पुरुषांसमोर सारख्या दिसणाऱ्या स्तोत्रपुस्तकांची रांग ठेवतात आणि ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघते त्याच्यावर ती जबाबदारी जन्मभर येते. त्यासाठी पगार नसतो आणि प्रशिक्षणही नसते. मला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते, कारण यंत्राबाबत अंतिम शब्द ज्याचा असतो तो उद्या तुमच्याच शेजारी नांगर धरणार असतो.

आता टेलिफोनकडे येतो, कारण त्यात सगळे सूत्र सापडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँकेस्टरमधील काही आमिश घरांत टेलिफोन आलेला होता. त्या काळी एका तारेवर अनेक घरे असत आणि कोणाचेही बोलणे कोणालाही ऐकू येई. दोन बायका तिसरीबद्दल फोनवर वाईट बोलत होत्या, तिसरीने ते तारेवर ऐकले आणि प्रकरण मंडळीपुढे आले, अशी एक गोष्ट जुन्या पिढ्यांकडून सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, १९१० च्या सुमारास मंडळींनी घरातला टेलिफोन बंद केला. त्याच काळात मंडळी सोडून गेलेल्यांना किती कडकपणे वाळीत टाकावे यावरही वाद पेटला होता, आणि एक मोठा गट फुटून निघाला. पुढे १९३० च्या दशकात काही कुटुंबांनी अडचण मांडली की डॉक्टरला किंवा अग्निशमन दलाला बोलवायचे तर इंग्लिश शेजाऱ्याच्या दारात जावे लागते. तेव्हा तोडगा निघाला: टेलिफोन असावा, तो अनेक कुटुंबांत सामाईक असावा आणि तो घराबाहेर असावा. आपण पाहिलेले बांधावरचे खोपटे हे त्या तोडग्याचे आजचे रूप आहे.

घराबाहेर ठेवण्याने काय साधते? फोन करायचा तर उठून, पावसात चालत जावे लागते. जेवणाच्या ताटावरून कोणी उठत नाही, कारण घंटा ऐकूच येत नाही. निरोप ध्वनिमुद्रित होतो आणि माणूस आपल्या सोयीने उत्तर देतो. मुख्य म्हणजे, ज्याच्याशी बोलायचे तो दोन शेते पलीकडे राहत असेल तर लोक अजूनही त्याच्या घरीच जातात.

मोटारीचेही तसेच आहे. मोटारीत बसण्यास मनाई नाही. दवाखान्यासाठी, लग्नासाठी किंवा दूरच्या बांधकामावर जाण्यासाठी ते इंग्लिश चालकाला पैसे देऊन गाडी ठरवतात. मनाई आहे ती मालकीला. बग्गीचा वेग ताशी आठ-दहा मैल असतो आणि मंडळीची हद्द त्या वेगावर बेतलेली असते. दाराशी गाडी आली की दुकान, नोकरी, सोयरीक सगळेच पन्नास मैलांवर जाते आणि शेजारी नुसता नावाचा उरतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्यांना हे पटले नाही ते वेगळे झाले. १९२७ मध्ये पेनसिल्व्हेनियातीलच सॉमरसेट काउंटीत सुरू झालेल्या बीची आमिश गटाने पुढे मोटारी स्वीकारल्या.

ट्रॅक्टर कोठाराजवळ चालतो. त्याच्यावर पट्टा चढवून दळण, कडबा कापणे अशी कामे होतात. शेतात मात्र तो नेत नाहीत, कारण आज शेतात गेलेला ट्रॅक्टर उद्या रबरी चाके लावून बाजाराला निघेल आणि परवा त्याच्या जागी मोटार येईल, अशी भीती १९२० च्या दशकात वाटली. शिवाय शेतातील माणसे कमी होतील, ही काळजी होतीच. खेचरांनी ओढलेल्या अवजारावर इंजिन बसवण्याची मुभा पुढे मिळाली ती याच हिशेबाने. इंजिनाने काम हलके झाले तरी अवजार खेचरांच्या चालीनेच पुढे जाते आणि शेत खेचरांना झेपेल एवढेच राहते. कॅन्सस राज्यातील काही आमिश मात्र ट्रॅक्टरनेच शेती करतात, हेही सांगायला हवे.

भाता

सस्क्वेहानाकाठ यांनी सामाजिक बाजू फार चांगली मांडली आहे. मी यंत्र अभियंता आहे आणि ओहायो राज्यात असताना होम्स काउंटीतील फर्निचरच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवण्याच्या कामानिमित्त अनेक आमिश कारखाने आतून पाहिले आहेत, म्हणून विजेबद्दल थोडे लिहितो.

लँकेस्टरच्या मंडळींनी १९२० च्या सुमारास जी गोष्ट नाकारली ती सार्वजनिक तारेतून येणारी वीज होती. बॅटरी त्याआधीपासून वापरात होती आणि ती राहिली. हा भेद आपल्याला कृत्रिम वाटतो, पण अभियंत्याच्या नजरेने पाहिल्यास तो फार समंजस आहे. बॅटरीत वीज मोजकी असते, ती संपते आणि ती भरण्यासाठी कोणाला तरी खटपट करावी लागते. भिंतीतल्या खाचेतून येणारी वीज संपत नाही. एकदा ती आली की तिला काय काय जोडावे याला मर्यादा राहत नाही. रेडिओ आणि नंतर दूरचित्रवाणी आल्यावर अनेक वडीलधाऱ्यांना आपला जुना निर्णय दूरदर्शीपणाचा होता असे वाटले, असे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

कारखान्यात ते काय करतात हे समजून घेण्यासारखे आहे. एका बाजूच्या खोलीत डिझेल इंजिन असते. ते हवा दाबणारा काँप्रेसर आणि तेलाचा पंप चालवते. दाबलेली हवा मोठ्या टाक्यांत साठवतात आणि तेथून नळांनी सगळ्या यंत्रांपर्यंत नेतात. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तिप्पट-चौपट दाब त्या नळांत असतो. बाजारातून नवी करवत किंवा रंधायंत्र आणले की तिची विजेची मोटर काढून टाकायची आणि त्या जागी हवेवर किंवा तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर बसवायची, हा तेथील कुशल मिस्त्रींचा स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. याला लोक 'आमिश वीज' म्हणतात. घरातही शिवणयंत्र, मिक्सर, कपडे धुण्याचे यंत्र आणि विहिरीचा पंप याच हवेवर चालवतात. आपण पाहिलेला फ्रिज गॅसवर चालणारा असणार. रात्रीच्या उजेडासाठी पूर्वी चाकांच्या छोट्या कपाटात गॅसची टाकी ठेवून वर मेंटलचा दिवा लावत. आता ड्रिलमशीनला लावतात तशी बॅटरी खाली बसवलेले एलईडी दिवे सर्रास दिसतात.

शक्तीचा अपव्यय या पद्धतीत पुष्कळ होतो. हवा दाबताना ती तापते आणि इंजिनाने दिलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो. एका वयस्कर कारखानदाराला मी हे आकडे मांडून दाखवले होते. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "हे आम्हाला माहीत आहे, आणि ही किंमत आम्ही समजून मोजतो."

दुधाची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तीत बाहेरचे जग दाराशी येऊन उभे राहिलेले दिसते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस लँकेस्टरमधील दूध कंपन्यांनी सांगितले की यापुढे कॅनमधील दूध घेणार नाही. मोठी शीतटाकी हवी, तिच्यात दूध थंड राहायला हवे आणि ते मधूनमधून ढवळले जायला हवे. टाकी नसेल तर दूध विकता येणार नाही, आणि दूध विकले नाही तर शेती टिकणार नाही. बिशपांनी कंपन्यांशी बोलणी केली. टाकी डिझेल इंजिनाने थंड करायची, ढवळणी बारा व्होल्टच्या बॅटरीवर फिरवायची आणि रविवारी दुधाची गाडी येणार नाही, असे ठरले. रविवारच्या अटीवर ते अखेरपर्यंत अडून बसले. ओहायोत मात्र अनेक शेतकऱ्यांनी टाकी घेतलीच नाही. त्यांचे कॅनमधील दूध तेथील चीज करणाऱ्या कारखान्यांना जाते.

रानवाटा

दोघांचेही मनापासून आभार. टेलिफोनचे खोपटे आता डोळ्यांसमोर वेगळेच दिसू लागले आहे. तरीही दोन शंका उरतात आणि त्या मी स्पष्टपणे मांडतो. मोटार बाळगायची नाही, पण दुसऱ्याची भाड्याने घ्यायची. तार घ्यायची नाही, पण डिझेल जाळायचे. यात पळवाटा काढण्याचा भाग नाही का? आणि दुसरी शंका मुलांविषयी आहे. मोठ्यांनी समजून-उमजून त्याग केला तर तो त्यांचा अधिकार आहे, पण ज्यांना विचारलेच गेले नाही त्यांचे काय?

निशिगंध

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि प्रशिक्षणाच्या काळात पेनसिल्व्हेनियात आमिश मुलांवर उपचार केले आहेत, म्हणून दुसऱ्या शंकेवर लिहिते. या समाजाबद्दल मला आदर आहे, पण वरील उत्तरे वाचून हे सारे फार सुरळीत चालते असा समज होऊ नये असेही वाटते.

आधी चांगली बाजू. थोड्या कुटुंबांपासून वाढलेला आणि आपसातच लग्ने करणारा समाज असल्यामुळे त्यांच्यात काही आनुवंशिक आजार फार जास्त आढळतात. ग्लुटारिक ॲसिडुरिया हा त्यांपैकी एक. वरवर निरोगी दिसणाऱ्या बाळाला साधा ताप किंवा जुलाब झाला की काही तासांत मेंदूला कायमची इजा होत असे. होम्स मॉर्टन या डॉक्टरांनी १९८९ मध्ये लँकेस्टर काउंटीतील स्ट्रासबर्ग येथे 'क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन' सुरू केले. इमारतीची लाकडी चौकट आमिश आणि त्याच परंपरेतील मेनोनाइट पंथाच्या लोकांनी मिळून उभी केली, आपल्याकडे इरजिक करतात तशी. आत मात्र रक्ताच्या आणि जनुकांच्या तपासणीची अत्यंत आधुनिक साधने आली. जन्मानंतर लगेच तपासणी, ठरावीक आहार आणि आजारपणात त्वरित सलाइन, एवढ्याने बहुतेक मुलांचा मेंदू वाचू लागला. खर्चाचा काही भाग दरवर्षीच्या लिलावांतून उभा राहतो. गोधड्या, फर्निचर, जनावरे लोक दान देतात. क्रिग्लर-नज्जर या तीव्र कावीळ होणाऱ्या आजाराच्या मुलांना रोज दहा-बारा तास निळ्या दिव्यांखाली झोपावे लागते, आणि त्यासाठी आमिश घरातही विजेची सोय केली जाते. त्या दिव्यांना कोणी हरकत घेतल्याचे मी ऐकले नाही.

आता दुसरी बाजू. आमिश मुलांचे शिक्षण आठवीपर्यंत होते, बहुधा एका खोलीच्या शाळेत. विस्कॉन्सिन राज्यातील न्यू ग्लेरस येथे मुलांना पुढे शाळेत न पाठवल्याबद्दल पालकांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला आणि तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळे मत नोंदवले आणि त्यांनी उपस्थित केलेला मुद्दा नेमका तुमचाच आहे: मुलाला काय हवे हे मुलाला कोणी विचारले? हा प्रश्न सुटलेला आहे असे मला वाटत नाही. बाप्तिस्मा जाणत्या वयात, साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान घेतला जातो आणि त्याआधीच्या 'रुमस्प्रिंगा'च्या काळात मुलांना थोडी मोकळीक असते, हे खरे आहे. तरीही आठवी शिकलेल्या, घरी जर्मनची बोली बोलणाऱ्या, सगळे नातेवाईक याच समाजात असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीसमोरची निवड किती मोकळी असते, याचा विचार करावा. बाप्तिस्मा न घेता निघून गेले तर वाळीत टाकत नाहीत. घेतल्यानंतर मोडला तर टाकतात, आणि मग आईच्या घरी गेल्यावरही वेगळ्या टेबलावर जेवावे लागू शकते. साधारण ८५ टक्के किंवा त्याहून अधिक मुले समाजातच राहतात. हा आकडा समाधानाचा पुरावा म्हणून सांगितला जातो, पण बाहेर पडण्याची वाट किती अवघड आहे तेही त्यात दडलेले असू शकते. उपदेशकांची नावे सुचवण्याचा हक्क स्त्रियांना आहे, उपदेशक होण्याचा नाही.

नियमांचा भार कधी शेजाऱ्यावरही पडतो. स्वार्टझेनट्रुबर हा अत्यंत कडक गट बग्गीच्या मागे सावकाश चालणाऱ्या वाहनाची खूण असलेला केशरी त्रिकोण लावण्यासही तयार नसतो, कारण तो रंग भडक आणि मिरवण्यासारखा वाटतो आणि आपले रक्षण देवाऐवजी चिन्हावर सोपवल्यासारखे होते. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशी हरकत घेणाऱ्या तेथील आमिशांना पांढऱ्या परावर्तक पट्टीची मुभा दिली. ओहायोत २०२२ पासून बग्गीवर लुकलुकणारा पिवळा दिवा बंधनकारक झाला आहे आणि या गटातील काहींनी दंड भरणे पसंत केले. रात्री अपघात झालेल्या बग्गीतील मुले मी रुग्णालयात पाहिली आहेत. या मुद्द्यावर मला तटस्थ राहता येत नाही.

सस्क्वेहानाकाठ

निशिगंध यांचा प्रत्येक मुद्दा मला मान्य आहे. अपघातांबद्दल तर अधिकच, कारण ज्या रस्त्यांवर मी रोज गाडी चालवतो तेच ते रस्ते आहेत. लँकेस्टरमधील बग्ग्यांना दिवे असतात याचे मला बरे वाटते.

पळवाटेच्या शंकेवर माझे मत असे. नियमाचा शब्द पाळून हेतू मोडला तर ती पळवाट होते. येथे हेतू आधीच उघडपणे मान्य केलेला असतो: ती गोष्ट पूर्णपणे टाळायची नसते, तिला हाताच्या अंतरावर ठेवायचे असते. भाड्याची गाडी महाग पडते, आधी ठरवावी लागते, चार जणांनी मिळून घ्यावी लागते. म्हणून ती गरजेपुरतीच घेतली जाते. त्यांच्या भाषेत 'गेलासेनहाइट' असा शब्द आहे. मराठीत एका शब्दात तो येत नाही. स्वतःला मागे ठेवणे, मंडळीच्या आणि देवाच्या इच्छेपुढे नमते घेणे, असा त्याचा आशय आहे. याच्या उलट जो अहंकार, तो त्यांना टाळायचा असतो. लँकेस्टरमध्ये सायकल चालत नाही आणि पायाने ढकलायची स्कूटर चालते, ते सायकल घरापासून फार दूर नेते म्हणून.

मात्र हे तोडगे कायम टिकतील असे मला वाटत नाही. जमीन महाग झाली, कुटुंबात सहा-सात मुले असतात आणि सगळ्यांना शेत मिळत नाही. त्यामुळे बहुसंख्य पुरुष आता शेतीबाहेर काम करतात. उत्तर इंडियानात ते मोठ्या संख्येने घरगाड्यांच्या कारखान्यांत जातात आणि तेथे दिवसभर विजेच्या हत्यारांनीच काम करतात. बांधकामाच्या टोळीचा मुकादम मोबाइलशिवाय काम मिळवू शकत नाही, म्हणून अनेक मंडळींत त्याच्या खिशात फोन आला आहे. काही ठिकाणी तो घरी नेऊ नये, गाडीत किंवा कारखान्यात ठेवावा असा संकेत आहे. होम्स काउंटीत बॅटरीच्या सायकली सर्वत्र दिसतात आणि त्यांच्या बॅटऱ्या छपरावरच्या सौर पॅनेलवर भरतात. टेलिफोन बांधावर ठेवता आला, कारण तो तारेने एका जागी बांधलेला होता. खिशातला फोन कोठे ठेवायचा, याचे तितके नेमके उत्तर त्यांना अजून सापडलेले नाही, आणि माझ्या ओळखीचे वडीलधारे हे मोकळेपणाने कबूल करतात. अनेक बिशपांची खरी चिंता इंटरनेट ही आहे. मोटार दारात उभी दिसते. फोनवर मुलगा काय पाहतो ते शेजाऱ्याला दिसत नाही, आणि त्यांची सगळी शिस्त एकमेकांना दिसण्यावर उभी आहे.

तुमच्या घरातील वादाबद्दल सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. त्यांच्याकडून आमच्या घरी एक गोष्ट आली तेवढी सांगतो. फोन चांगला की वाईट, यावर आम्ही वाद घालणे सोडले आणि तो कोणत्या खोलीत राहील एवढेच ठरवले. तो दारातल्या फळीवर राहतो, आणि हा नियम आम्हा दोघांनाही लागू आहे. मोठ्यांना सूट असती तर मुलीने तो आठवडाभरही पाळला नसता.

रानवाटा

फळीची कल्पना आज रात्रीच घरी मांडतो. एक शेवटचे विचारतो. त्या प्रवासात एका सुताराकडे जेवणाचे टेबल फार आवडले होते आणि बहिणीला ते घ्यायचे आहे. त्याने कार्डावर फोन क्रमांक दिला होता, पण बहिणीने तीनदा फोन केला तरी कोणी उचलला नाही. त्याला पत्र लिहावे का?

सस्क्वेहानाकाठ

पत्र लिहिले तरी चालेल, त्यांच्याकडे टपाल अजून मनापासून वाचले जाते. पण आधी फोनवर निरोप ठेवायला सांगा. तो फोन खोपट्यातला असणार आणि दोन-तीन कुटुंबांचा सामाईक असणार. निरोपात सुताराचे नाव आधी घ्यावे, म्हणजे तो योग्य माणसाकडे पोहोचेल. मग टेबलाची लांबी, लाकूड आणि स्वतःचा क्रमांक सावकाश दोनदा सांगावा. माझ्या अनुभवात उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास येते, दूध काढून झाल्यावर. तेव्हा बहिणीला फोन जवळ ठेवून झोपायला सांगा. रविवारी वाट पाहू नये.